रौद्र रसास घरांत जागा आहे काय?

‘हेवी मेटल’ या नांवाचें पाश्चात्य संगीत आतां आमच्या सोलापुरांतील घरांच्या माजघरापर्यंत येऊन पोंचलें आहे. एकेक गाणें स्वतंत्रपणें प्रसिद्ध होतें, सोबत त्याची चित्रफीत असते, आणि दोन्ही नातवाच्या हातांतील मोबाईलवर क्षणांत अवतरतात. आजोबा ‘हा काय धिंगाणा?’ म्हणून विचारतात, नातू कानांत यंत्र खोंचून पाठ फिरवितो, आणि संभाषण तेथेंच संपतें. या धिंगाण्यास कांहीं शास्त्र आहे काय, आणि वडील माणसांनीं त्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, याचा विचार आज करूं.

या संगीताचा उगम इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरीं झाला. ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० सालीं निघाली. त्यांतील गिटारवादक टोनी आयोमी हा पूर्वीं पत्र्याच्या कारखान्यांत कामास होता. नोकरीच्या अखेरच्या दिवशीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावखुरा असल्यामुळें तारा दाबण्याचें काम याच हाताकडे होतें. त्यानें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठीं टोपणें केलीं, पुढें तारा सैल केल्या, आणि त्या सैल तारांतून निघालेला खर्जाचा जड नाद हीच या संगीताची ओळख ठरली. ज्या गांवांत १८७७ सालीं जुनी गिरणी उभी राहिली आणि जेथें कित्येक पिढ्यांचा दिवस भोंग्यावर उगवला व मावळला, त्या सोलापुरास हा नाद अगदींच परका वाटूं नये. यंत्रमागांचा खडखडाट आमच्या पूर्व भागांत अजूनहि ऐकूं येतो.

हें परदेशचें झालें. आतां घरचें पाहूं. मुंबईंत २००० सालीं साहिल मखिजा या तरुणानें ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ नांवाचा असाच एक वृंद स्थापिला. नांवाचा अर्थ असुरी पुनरुत्थान! तें ऐकूनच सोंवळें मन बिचकतें. परंतु याच वृंदानें २०१७ सालीं काढलेल्या गीतसंग्रहाचें नांव ‘दशावतार’ असें आहे. त्यांत दहा गीतें असून मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारास एक वाहिलें आहे. भाषा इंग्रजी, कंठ कधीं गर्जणारा तर कधीं सुरेल, आणि मृदंगाच्या जागीं ड्रमचा भडिमार. गृहिणींस गंमत वाटेल कीं, हाच गर्जणारा गायक ‘हेडबँगर्स किचन’ या चित्रमालिकेंतून लोकांस स्वयंपाकहि शिकवितो.

‘देवांचीं नांवें अशीं किंचाळून घ्यावयाचीं काय?’ असा आक्षेप येईल. आम्ही उलट विचारतों, नरसिंह खांबांतून प्रकट झाला तो काय यमन आळवीत आला? नीरा-नरसिंहपूरचा देव ज्यांचें कुलदैवत आहे, अशीं कित्येक घरें आमच्या जिल्ह्यांत आहेत. गड्ड्याच्या यात्रेंत हलगी कडाडते, गोंधळांत संबळ घुमतो, आणि त्यांनीं कोणाचा धर्म बुडाल्याचें ऐकिवांत नाहीं. भरतमुनीनें नाट्यशास्त्रांत आठ रस सांगितले, आणि शृंगार व करुण यांच्या पंक्तीसच रौद्र, भयानक व बीभत्स यांस पाट मांडला. रौद्राचा वर्ण रक्त, देवता रुद्र, स्थायीभाव क्रोध. पुढें भट्टनायक व अभिनवगुप्त यांनीं उलगडून दाखविलें कीं, रसिक ज्या क्रोधाचा आस्वाद घेतो तो त्याचा खासगी क्रोध नसतो. तो साधारणीकृत, अर्थात् सर्वांचा, आणि म्हणूनच निर्विष असतो.

रौद्रास घरांत जागा न ठेवल्यानें क्रोध नाहींसा होत नाहीं. तो निराळें रूप घेतो, आणि तें बहुधा मौनाचें असतें. परीक्षा व नोकरी यांच्या धाकांत आंतल्या आंत जळणारा, वडिलांपुढें मान खालीं घालून बसणारा मुलगा शांत आहे, अशी समजूत करून घेणें धोक्याचें आहे.

या संबंधांत दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ या वृंदाचें ‘जी वीरे’ हें गीत ध्यानांत घेण्याजोगें आहे. हे लोक गिटारच्या गडगडाटांत बांसरी आणि ढोल मिसळतात. २०१९ सालीं जर्मनींतील वाकेनच्या प्रसिद्ध महोत्सवांत त्यांचें वादन झालें. या गीताचा विषय नैराश्य हा आहे, आणि नांवाचा भावार्थ ‘बाबा रे, जग’ असा आहे. गीत व चित्रफीत प्रसिद्ध करतांना या मंडळींनीं श्रोत्यांसाठीं मोफत समुपदेशनाचीहि सोय केली. रौद्रापासून करुण उत्पन्न होतो, असें भरतमुनि म्हणतो. त्याच्या मनांत रौद्र कृत्यांचें शोकमय फळ होतें. येथें मात्र गर्जना करणारांनींच दुसऱ्याच्या दुःखास हात दिला.

म्हणून सर्वच गाणीं डोक्यावर घ्यावींत, असें आमचें म्हणणें नाहीं. कित्येकांत शब्द नादाखालीं चिरडले जातात; कांहींत बीभत्स हा रस न राहतां नुसता चाळा होतो. शिवाय कानांचा प्रश्न आहेच. मागावर आयुष्य घालविलेल्या विणकरास उतारवयांत कमी कां ऐकूं येतें, हें आमच्या गांवास सांगावयास नको. जागतिक आरोग्य संघटनेनें मोठ्या माणसांसाठीं ८० डेसिबलचा आवाज आठवड्यांतून ४० तास, एवढीच मर्यादा सुचविली आहे. ती अट वडिलांनीं अवश्य घालावी. परंतु गाणें बंद करण्यापूर्वीं त्याचे शब्द मुलाकडून समजावून घ्यावे. ‘दशावतार’ ऐकणाऱ्यास हिरण्यकशिपूच्या वराची कथा कितपत ठाऊक आहे, हें विचारावें; नसेल तर सांगावी. ती सांगण्यास याहून चांगलें निमित्त शोधूनहि मिळणार नाहीं.

त्या कथेचा शेवट भागवताच्या सप्तम स्कंधांत पाहावा. दैत्य मेला तरी नरसिंहाचा कोप शमेना. देवांनीं दुरूनच स्तुति केली. साक्षात् लक्ष्मीसहि जवळ जाण्याचें धैर्य झालें नाहीं. अखेर ब्रह्मदेवानें प्रह्लादास पुढें पाठविलें. तो न भितां जवळ गेला, आणि देवानें त्याच्या मस्तकावर हात ठेविला. घरांतील उग्र सूरहि दुरून केलेल्या निंदेनें निवळावयाचे नाहींत. मुलगा असें कांहीं ऐकत बसला असेल तर वडिलांनीं आपली खुर्ची थोडी त्याच्याजवळ ओढावी.