'भेद असूनही' मैत्री : चित्रपुस्तकांतील एक गृहीतक

मुलांसाठीच्या चित्रपुस्तकांत 'भेद असूनही मैत्री' हे आशयसूत्र आज जवळजवळ निर्विवाद झाले आहे. दोन भिन्न जीव भेटतात, त्यांच्यात अंतराय येतो, अखेरीस मैत्री जिंकते. अशा पुस्तकाला 'संस्कारक्षम' म्हटले की समीक्षेचे काम संपले, असे मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ते तिथे सुरू व्हायला हवे. 'असूनही' या शब्दाने भेद ही ओलांडायची अडचण ठरते. ती ओलांडण्याची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न मात्र अनुच्चारित राहतो.

मार्कुस फिस्टर यांचे 'रेनबो फिश' (१९९२) हे याचे ठळक उदाहरण. चकाकत्या खवल्यांचा मासा एक खवला द्यायला नकार देतो, म्हणून इतर मासे त्याच्याकडे पाठ फिरवतात. ऑक्टोपसच्या सल्ल्यावरून तो खवले वाटून टाकतो, एकच स्वतःजवळ ठेवतो आणि मग सर्वांचा होतो. याला समतेचे रूपक म्हणणाऱ्यांनी संपत्ती आणि शरीर यांतील फरक आधी स्पष्ट करावा. खवला ही मालमत्ता नव्हे, ते अंग आहे. समूहाने स्वीकारावे म्हणून वेगळेपण अंगावरून उतरवून द्यावे लागते. म्हणजे इथे भेद असूनही मैत्री होत नाही. भेद मिटल्यावर होते.

लिओ लिओनी यांचे 'फिश इज फिश' (१९७०) अधिक गुंतागुंतीचे आहे. बेडूक तळ्याबाहेरचे जग पाहून परततो आणि मित्राला पक्षी, गायी, माणसे यांचे वर्णन ऐकवतो. मासा ऐकतो, आणि चित्रांत उमटतात ते पंखांचे मासे, कासेचा मासा, कपडे घातलेले मासे. दुसऱ्याला आपल्याच आकारात कल्पिण्याची मर्यादा इतक्या नेमकेपणाने शब्द सांगू शकले नसते. परंतु अखेरीस मासा जमिनीवर उडी घेतो, तडफडतो, बेडूक त्याला पाण्यात लोटतो आणि त्याला आपलेच जग सर्वांत सुंदर वाटते. जिथे जातिव्यवस्थेने प्रत्येकाला त्याचे तळे नेमून दिले, त्या समाजात हा शेवट निरागस राहत नाही.

मराठी बालसाहित्याचा प्रश्न नेमका इथे उभा राहतो. रंगरूपाचे रूपक वंशभेदाच्या समाजात तत्काळ वाचले जाते. गार्थ विल्यम्स यांच्या 'द रॅबिट्स वेडिंग'मधील (१९५८) काळ्या-पांढऱ्या सशांच्या लग्नावरून १९५९ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात वादळ उठले. लेखकाने राजकीय हेतू नाकारूनही पुस्तक ग्रंथालयाच्या राखीव कपाटात गेले. जात मात्र अशी रंगात सापडत नाही. ती आडनावात असते, वस्तीत असते, डब्यातल्या कालवणात असते, ओंजळीत वरून पाणी ओतणाऱ्या हातात असते. निळा आणि पिवळा मासा रंगवून ती दाखवता येत नाही. झाकता मात्र येते. आयात केलेल्या रूपकाची ही सोय आपल्या अनेक लेखक-चित्रकारांना मानवते, ती यामुळेच.

या प्रश्नाची जाण परंपरेला नव्हती असे नाही. पंचतंत्रातील 'मित्रसंप्राप्ती'मध्ये लघुपतनक कावळा मैत्री मागतो, तेव्हा हिरण्यक उंदीर बिळाबाहेर येत नाही. भक्षकाशी भक्ष्याने मैत्री कशाच्या भरवशावर करावी, हा त्याचा आक्षेप आहे आणि दीर्घ वादानंतरच तो मागे पडतो. भेदामागची सत्ता इथे दुर्बलाच्या मुखातून उच्चारली जाते. विश्वासाची शाबिती मागण्याचा त्याचा अधिकारही कथा मान्य करते. मुलांसाठीच्या सचित्र संक्षेपांत अनेकदा हाच वाद गाळला जातो. उरतात ते चार मित्र आणि फसलेला पारधी.

मुलांना एवढा वाद पेलणार नाही, हा बचाव टिकणारा नाही. पाणी कोण कसे ओतते, हे मूल चित्रपुस्तकाआधीच पाहत असते. त्याने पाहिलेले नाकारणारे पुस्तक त्याला मैत्री शिकवत नाही. पाहिलेल्याविषयी गप्प बसायला शिकवते. चित्रपुस्तकाची समीक्षा करताना म्हणून पहिला प्रश्न हवा तो शेवटच्या पानावरील मिठीविषयी नव्हे, तर त्या मिठीपर्यंत चालत कोण आले, याविषयी.