चंद्राचे वेळापत्रक छापून येते, धरणाचे का नाही?

जून तोंडावर आला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत पावसाळ्यातल्या मोठ्या भरत्यांची यादी येते. कोणत्या तारखेला, किती वाजता, किती मीटर. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर सखल भागातले पाणी समुद्रात उतरत नाही, हे 26 जुलै 2005 ला सांताक्रुझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा शहराने पुरते भोगले आहे. यादीच्या जोरावर पालिका पुढचे निर्णय घेते. 2022 च्या जुलैत तिने ठरवले, की हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी चौपाट्यांवर लोकांना सकाळी सहा ते दहा एवढ्याच वेळात जाता येईल. हे शहाणपण काही पालिकेपासून सुरू झालेले नाही. अपोलो बंदरावर भरतीची नोंद 1878 पासून होते आहे, आणि कोळीवाड्यांत तर त्याही आधीपासून तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीचा भांग ज्याला कळतो, त्याला होडी कधी लोटायची आणि कधी ओढून घ्यायची हे कोणी सांगावे लागत नाही.

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरहून समुद्र शेकडो कोस दूर. पण तालुक्याच्या पूर्वेला वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा फुगवटा आहे आणि त्यालाही भरती-ओहोटी आहे. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली, 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरण साडेअकरा किलोमीटरच्या आसपास लांब आहे, त्याला 33 दारे आहेत आणि एकूण साठा 1,146 दशलक्ष घनमीटरचा. मात्र जिवंत साठा ज्या दोन पातळ्यांच्या मध्ये खेळतो, त्यांतले अंतर सुमारे चार मीटरच आहे. वैनगंगेचे खोरे सपाट असल्याने पाणी खोल न जाता परातीसारखे पसरते. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवशी पाणी साधारण तेवढेच चढ-उतार करते. तिथे त्याला सहा तास लागतात, इथे वर्ष. काठाचा उतार शंभराला एक असेल तर पातळी मीटरभर उतरताच पाणी शंभर मीटर मागे सरते, आणि चढली की तेवढेच पुढे येते. ऑक्टोबरात जिथे नाव लागते, तिथे एप्रिलमध्ये भेगाळलेला गाळ असतो.

या पाण्यावर आता पर्यटन येत आहे. कुही तालुक्यातल्या अंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी या पाच नद्यांचा संगम. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच रचला अशी इकडची श्रद्धा. तिथला केबल-स्टेड पूल 2024 च्या जानेवारीत खुला झाला. पुलाच्या मनोऱ्यात उंचावर काचेची दीर्घा आहे. त्याच वर्षी भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द जलपर्यटन प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. जेटी, बोटी, काठावरचे फिरण्याचे रस्ते असा सगळा बेत आहे, आणि त्याला विरोध करण्याचे कारण नाही. गावे बुडाली त्या पाण्यावर चार पोरांना काम मिळाले तर चांगलेच. माझे म्हणणे एवढेच आहे, की जेटीची पहिली पायरी बांधण्याआधी या जलाशयाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक तयार व्हावे, ते काठच्या प्रत्येक गावात लागावे आणि रोज पाळले जावे. चंद्राच्या मर्जीवर चालणाऱ्या पाण्याचे वर्षभराचे तक्ते आपण छापतो. माणसाच्या हाताने दार उघडून सोडले जाणारे पाणी मात्र काठच्या माणसाला आजही अंदाजानेच ओळखावे लागते.

या वेळापत्रकाची सर्वाधिक गरज पर्यटकाला आहे असेही नाही. पर्यटक चार तासांसाठी येतो. पाणी मागे गेले तर हिरमुसून परत फिरतो. गाळपेर करणाऱ्याचे तसे नाही. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या बुडीत जमिनीत जो ओलावा असतो, त्याच्या भरवशावर लाख-लाखोळी, हरभरा किंवा भाजीपाला घेतला जातो. पाणी कोणत्या आठवड्यात कुठवर उतरेल हे ठाऊक असेल तर पेरणीची तारीख ठरवता येते, नाहीतर हातातली चार पोती बियाणे जुगारावर लागतात. ढिवर समाजाच्या मासेमारीचे तेच. जाळे कुठे टाकायचे, डोंगा कुठल्या घाटाला बांधायचा, पाणी आटत गेल्यावर मासळी कोणत्या डोहात जमेल, हे सगळे पातळीवर ठरते. भिवापूर तालुक्यातच मोखाबर्डीची उपसा सिंचन योजना याच फुगवट्यातले पाणी उचलते. नळीच्या तोंडाशी पाणी किती दिवस पुरेल, हा तिथल्या कास्तकाराचा उन्हाळ्यातला प्रश्न असतो. मिरचीच्या नावावर भौगोलिक मानांकन मिळवलेल्या या तालुक्यात तो प्रश्न किरकोळ नाही.

यावर अभियंते जे म्हणतील ते आधी ऐकले पाहिजे. समुद्राची भरती सूर्य-चंद्राच्या गणितातून शतकभर पुढची काढता येते, धरणाची नाही. वैनगंगेचे पाणी मध्य प्रदेशातल्या सिवनीहून येते, तिथे रात्रीत किती पाऊस पडेल हे कोणी सांगावे? हे अगदी खरे आहे, पण ते जून ते सप्टेंबरपुरते खरे आहे. पावसाळा सरला की या जलाशयात जे काही घडते ते बहुतांशी ठरवून घडते. कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा याची प्रचालन सूची असते. कालवा सल्लागार समिती बसते, रब्बीची आणि उन्हाळी धानाची आवर्तने ठरतात, पिण्याचे पाणी राखून ठेवले जाते. बाष्पीभवनाचाही हिशेब असतो. एवढी आकडेमोड कागदावर आहेच. तीतून ‘15 जानेवारीला पाणी अमुक पातळीवर, 1 मार्चला तमुक’ असा तक्ता काढायला फार विद्वत्ता लागत नाही. आकडा हातभर चुकला तरी चालेल. मुंबईच्या तक्त्यातही त्या दिवशीच्या पावसाचा आकडा नसतोच. जे आधी कळू शकते ते आधी सांगितले आहे, एवढीच त्याची किंमत, आणि ती मोठी आहे. उरले पावसाळ्याचे चार महिने. तेव्हा वर्षाचा तक्ता बाजूला ठेवून सकाळ-संध्याकाळ पातळी लिहावी आणि दारे उघडण्याआधी पुरेसा वेळ ठेवून भोंगा वाजवावा.

पातळी आणि विसर्ग आजही जाहीर होतात, असेही उत्तर येईल. होतात. पण ते ‘इतक्या दरवाजांतून इतके क्युमेक’ या भाषेत, आणि मुख्यतः धरणाच्या खालच्या गावांसाठी. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर हे अभियंत्याला कळते; घाटावर कपडे धुणाऱ्या बाईला कळायला हवे ते हे, की उद्या सकाळी तिसरी पायरी पाण्याखाली असेल की नाही. खालच्या गावांनाही ही भाषा किती उपयोगी पडते याचा दाखला 2020 च्या ऑगस्टअखेरचा आहे. वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचे पाणी सुटले, इकडे गोसीखुर्दची सगळी 33 दारे उघडावी लागली आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत वैनगंगाकाठ बुडाला. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या लाडजसारख्या गावाला तर पाण्याने चहूबाजूंनी वेढले. पाणी येणार हे वरती माहीत होते. खाली ते वेळेत आणि समजेल असे पोहोचले नाही, ही तक्रार तेव्हा ठिकठिकाणी झाली. नदी मध्य प्रदेशातून महाराष्ट्रात येताना आकडे एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जातात, आणि गावच्या चौकात पोहोचेपर्यंत पाणीच आलेले असते.

सगळ्यात अवघड आक्षेप वेगळाच आहे: फलक लावले म्हणून लोक वाचतात का? 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्या समुद्राला तर पिढ्यान्‌पिढ्यांचे वेळापत्रक होते. 21 मे 2024 ला उजनीच्या पाण्यात कळाशी आणि कुगावदरम्यान बोट उलटून सहा जण गेले, ते वाऱ्यामुळे; पातळीच्या तक्त्याने तो वारा थांबला नसता. त्याच वर्षी 23 जानेवारीला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला वैनगंगा ओलांडत होत्या. नाव उलटली आणि सहा जणी बुडाल्या. या बाया हौसेने पाण्यावर गेल्या नव्हत्या. मिरचीच्या हंगामात भिवापूरच्या वावरांतही अशाच तोडणीला बाया येतात, म्हणून ही बातमी इथे जास्त लागावी.

आक्षेप मान्य करूनच सांगतो. आकडा एकटा कोणाला वाचवत नाही. पण आकडा लिहायचा म्हटले की तो लिहिणारा माणूस नेमावा लागतो, आणि आपल्या जलाशयांच्या काठावर नेमका तोच नसतो. मरीन ड्राइव्हला भरतीच्या वेळी शिटी फुंकणारा पोलीस असतो, चौपाटीवर जीवरक्षक असतो. त्यांनी कधी उभे राहायचे हे तक्ता सांगतो. फुगवट्यावर पातळी लिहिणाराच वाऱ्याचा जोर पाहून लाल बावटा लावू शकतो, नावेत किती माणसे बसली ते मोजू शकतो, लाइफ जॅकेट नसेल तर दोर सोडू देणार नाही. हे काम ढिवर समाजातल्या किंवा विस्थापित कुटुंबांतल्या तरुणांना द्यावे. पाण्याची नस त्यांच्याइतकी कोणाला कळते? आणि पगारी, कायमचे द्यावे. सहा महिन्यांच्या कंत्राटावर नेमलेला माणूस सातव्या महिन्यात नसतो आणि पाणी मात्र असते.

जाता जाता एक गोष्ट, जी जलपर्यटनाच्या चित्रांत दिसत नाही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून याच फुगवट्यात येते. पाणी चढलेले असते तेव्हा ते पातळ होऊन लपते, उन्हाळ्यात उतरले की नाकाला कळते. पातळीच्या शेजारी पाण्याची प्रत लिहायला एक रकाना जास्त लागेल. तो रकाना भरायची तयारी नसेल तर पोहण्याच्या आणि जलक्रीडेच्या जाहिराती तरी करू नयेत.

खर्च किती? घाटाच्या भिंतीवर मीटर-सेंटिमीटरची रंगवलेली पट्टी, ग्रामपंचायतीपुढे एक फळा, मोबाइलवर एक संदेश आणि माणसाचा पगार. काचेच्या दीर्घेपुढे ही रक्कम सांगायलाही संकोच वाटावा. अडचण जबाबदारीची आहे. पाणी जलसंपदा विभागाचे, बोटी पर्यटनाच्या, मासे मत्स्यव्यवसाय विभागाचे, काठ महसूलचा, माणूस ग्रामपंचायतीचा. जलाशय नागपूर आणि भंडारा अशा दोन जिल्ह्यांत पसरलेला. यातल्या प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. म्हणून ही अट जेटीच्या निविदेतच घालावी: तक्ता जाहीर झाल्याशिवाय आणि नोंद ठेवणारा माणूस रुजू झाल्याशिवाय बोटीला परवाना नाही. नागपूर आणि भंडाऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसून एक आदेश काढला तर पावसाळा संपून जलाशय भरलेला असतानाच, या ऑक्टोबरात, मोखाबर्डी आणि अंभोऱ्याच्या काठावर पहिल्या दोन पट्ट्या रंगवता येतील.