मजकूर छापला, पत्राचं काय?

‘पत्रांचं पुस्तक निघालं, आता मूळ कागद कशाला जपायचे?’ असं विचारणारे साहित्यप्रेमींतही भेटतात. जुन्या हस्ताक्षराची ओढ त्यांना निव्वळ स्मरणरंजन वाटते. मोल मजकुराला, अक्षराला नव्हे, असा त्यांचा दावा.

यवतमाळात तरी हा दावा टिकू नये. इथल्या डॉ. य. खु. देशपांडे यांनी महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासात हयात घालवली. त्यांचं नाव ‘शारदाश्रम’ या संशोधन संस्थेशी कायमचं जोडलेलं आहे. महानुभावांच्या कितीतरी पोथ्या ‘सकळ’सारख्या सांकेतिक लिपीत लिहिलेल्या. वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केल्यावरच मराठी वाचकाला त्यांची दारं उघडली. तिथे अक्षर वगळून मजकूर हाती येतच नाही. पोथीला हा मान, तर कलावंताच्या पत्राला का नसावा?

व्हॅन गॉगचंच पाहा. ऑक्टोबर १८८८मध्ये आर्लहून त्यानं भाऊ थिओला आपल्या झोपायच्या खोलीचं रेखाटन पत्रातच काढून पाठवलं. भिंती फिकट जांभळ्या, पलंग ताज्या लोण्यासारखा पिवळा, पांघरूण लालभडक, असे रंगही सांगितले. दुसऱ्याच दिवशी गोगँला लिहिलेल्या पत्रातही तीच खोली पुन्हा काढली. एक भावासाठी, एक चित्रकार मित्रासाठी. शब्द तेवढे छापले तर हातात उरते रंगांची यादी.

आपल्याकडे चित्र नसेल, पण हात असतोच. जी. ए. कुलकर्णींची निवडक पत्रं, सुनीता देशपांड्यांचं ‘प्रिय जी. ए.’, अनिल आणि कुसुमावतींच्या लग्नाआधीच्या पत्रांचं ‘कुसुमानिल’ ही पुस्तकं नसती तर मराठी वाचक दरिद्री राहिला असता, हे निर्विवाद. पण पोस्टकार्डावरची जागा संपली म्हणून समासात आडव्या शिरलेल्या ओळी, खोडूनही वाचता येणारा शब्द, घाईत ताणलेली वेलांटी हे सगळं छापील पानावर एकसारख्या टंकात सपाट होतं. मन बदललं ते नेमकं कुठे, हे खोडलेल्या शब्दावरूनच कळतं.

दुसऱ्यांची खासगी पत्रं वाचणं हे डोकावणं नव्हे का, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. त्याला उत्तर घरच्यांच्या संमतीचं आणि काही पत्रं ठरावीक वर्षं बंद ठेवण्याचं. रद्दीत घालणं हे उत्तर नाही.

१९७३ला ग. दि. माडगूळकरांच्या आणि २०१९ला अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरवणाऱ्या, भाऊसाहेब पाटणकरांची शायरी मिरवणाऱ्या या जिल्ह्यानं लेखक-कलावंतांच्या घरची पत्रं आता मागून घ्यावीत. दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात, मूळ कागदही ठेवावा. पाकीट तर मुळीच फेकू नये. तारीख न घातलेल्या पत्राचा काळ पुष्कळदा पोस्टाच्या शिक्क्यावरूनच ठरतो.