संध्याकाळी सातला गावाने फोन बाजूला ठेवावा

सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शाळा व्यवस्थापन समित्या, सोसायट्यांचे चेअरमन-सेक्रेटरी आणि घराघरांतले आईवडील, आजीआजोबा यांना ही कळकळीची विनंती आहे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एक ठराव घ्या: गावात रोज संध्याकाळी ७ ते ८.३० सगळ्यांचे मोबाइल आणि टीव्ही बंद. शहरात राहणाऱ्यांनी हाच विषय सोसायटीच्या सभेत मांडावा. उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू, असं म्हणू नका. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या आहेत आणि कितीतरी मुलं मध्यरात्र उलटून गेली तरी पांघरुणात रील बघत जागी असतात.

हे होऊ शकतं, कारण एका गावाने ते केलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं तीनेक हजार वस्तीचं, उसाच्या पट्ट्यातलं गाव आहे. कोरोनात शाळा फोनवर आली, मुलांच्या हाती फोन गेला, आणि शाळा पुन्हा भरू लागल्यावरही तो सुटेना. शिक्षकांच्या हे लक्षात आलं. सरपंच विजय मोहिते यांनी विषय काढला तेव्हा पुरुषमंडळींनी तो हसण्यावारी नेला. मग बायकांना एकत्र बोलावलं. आम्हीही मालिका फार बघतो, असं त्या मोकळेपणाने म्हणाल्या आणि सगळ्या गावाने थोडा वेळ हे बंद ठेवावं याला त्यांनी होकार दिला. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथल्या देवळावरचा भोंगा सातला वाजू लागला. साडेआठला तो पुन्हा वाजतो, मधला वेळ अभ्यासाचा, वाचनाचा, बोलण्याचा. आशाताई, अंगणवाडीसेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. या गावाचं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की नियम मुलांपुरता ठेवला नाही. बाप ओसरीवर फोन बघत बसलाय आणि मुलाला म्हणतोय, अभ्यास कर, हे तिथे चालत नाही.

सगळ्यांनी एकाच वेळी का, हा खरा मुद्दा आहे. एकट्या मुलीचा फोन काढून घेतला, तर तिच्या वर्गाचा ग्रुप तिच्याशिवाय चालूच राहतो. कोण काय बोललं, कुणी कुणाचा फोटो टाकला, आपल्याबद्दल काही चाललंय का, या विचाराने ती जास्तच बेचैन होते. सगळ्या वर्गाचे फोन बंद असले, तर चुकण्यासारखं काही उरतच नाही. एकट्या आईला हे साधत नाही, गावाला साधतं.

मुलांच्या मनाचा निग्रह कमी पडतो, असा दोष कृपा करून देऊ नका. समोरची रचनाच न थांबण्यासाठी केलेली आहे. बोट फिरवत राहिलं की पुढचं आपोआप येतं, पान संपतच नाही. ही कल्पना २००६ मध्ये काढणारे एझा रास्किन यांनीच पुढे तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. २०२१ मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के जणींनी, इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं कंपनीच्याच संशोधकांना सांगितलं होतं. आणि आपली मुलं यापासून लांब नाहीत. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी फोन वापरला होता, अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी.

प्रत्येक मुलाला सारखाच त्रास होतो, असं मी म्हणत नाही. आधी उदासी येते की आधी फोन, यावर संशोधकांचं एकमत नाही. दूर होस्टेलवर राहणाऱ्या, घरात कुणी समजून न घेणाऱ्या मुलाला समाजमाध्यमांवरच एखादा जिवाभावाचा माणूस भेटतो, हेही खरं. पण अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्येच सावध केलं होतं: दिवसाला तीन तासांहून जास्त वेळ तिथे घालवणाऱ्या किशोरांमध्ये नैराश्य आणि चिंतेची लक्षणं असण्याची जोखीम दुप्पट आढळते. ऑस्ट्रेलियाने तर १६ वर्षांखालच्या मुलांची खाती बंद करणारा कायदाच केला. वाद मिटेपर्यंत आपण वाट बघायची का? दीड तासाच्या शांततेने कुणाचं नुकसान होणार नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. चिडून फोन हिसकावणं, आपटणं, चारचौघांत अपमान करणं. त्याने मूल फोनपासून नाही, तुमच्यापासून तुटतं. मुलाची भूक, झोप बदलली, खेळ सुटला, मित्र तुटले, ‘मी नसलो तरी काय फरक पडतो’ असं तोंडून निघालं, तर ते नाटक समजू नका. शेजारी बसा आणि ऐका. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. कुणी फोटोवरून धमकावत असेल, पैसे मागत असेल, तर सायबर मदतीसाठी १९३० आणि मुलांसाठी १०९८ आहे. पण त्याआधी आजच रात्री मुलांना स्पष्ट सांगा: तुझ्याकडून काहीही झालं असलं तरी आधी आमच्याकडे ये, आम्ही ओरडणार नाही. भीतीने गप्प बसलेलं मूल सर्वांत जास्त धोक्यात असतं.

आता ठरावाचं. ग्रामसभेची विषयपत्रिका निघण्याआधी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, त्यावर पाच-पंचवीस सह्या घ्या, निम्म्या तरी बायकांच्या. दंडाची भाषा ठरावात नको. आजारपण, तातडीचे फोन, पाळीवरचे कामगार, मोबाइलवरून चालणारी शेतातली मोटर यांना सूट हवी, नाहीतर आठ दिवसांत लोक पळवाटा शोधतील. त्या दीड तासात वाचनालय आणि शाळेची एक खोली उघडी ठेवा. दिवे, सतरंज्या आणि लक्ष ठेवायला दोन मोठी माणसं असली की पुरे, कारण ज्या घरात एकच खोली आहे तिथलं मूल बसणार कुठे? रात्री फोन उशाशी न ठेवता बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा, हेही ठरावात लिहा. भोंगा नसेल तर देवळाची घंटा, शाळेची घंटा, समाजमंदिराचा स्पीकर, जे असेल ते वापरा. पहिले पंधरा दिवस सरपंचांनी आणि मुख्याध्यापकांनी स्वतः सात वाजता गावातून फेरी मारावी, आपापले फोन घरी ठेवून.