विश्लेषण : प्रकल्पाचा विषय मुक्ताईनगरातच असताना तो गूगलवर का शोधला जातो?

पदवीच्या नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याला प्रकल्प करावा लागतो. इतिहास, समाजशास्त्र, वाणिज्य, तत्त्वज्ञान अशा विषयांसाठी तयार मजकूर मोबाइलवर दोन मिनिटांत मिळतो आणि तो तसाच जमाही होतो. मुक्ताईनगरसारख्या तालुक्यात मात्र या चारही विषयांची सामग्री पायी जाता येईल इतक्या अंतरावर आहे. ती वापरली गेली नाही, तर नुकसान फक्त विद्यार्थ्याचे होणार नाही.

प्रकल्पाला एवढे महत्त्व का आले?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. मुख्य विषयाच्या जोडीला दुय्यम विषय, दुसऱ्या विद्याशाखेतील खुला ऐच्छिक विषय, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग आणि कार्यप्रशिक्षण यांनाही श्रेयांक मिळू लागले. वाणिज्याचा विद्यार्थी तत्त्वज्ञान घेऊ शकतो आणि विज्ञानाचा विद्यार्थी इतिहास. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवीची सोय आहे.

कागदावर हा बदल चांगला आहे. प्रत्यक्षात ‘जागतिकीकरणाचे परिणाम’, ‘महिला सक्षमीकरण’, ‘ग्राहक समाधान’ हेच विषय दरवर्षी फिरत राहतात. जुन्या प्रती झेरॉक्सच्या दुकानातून मिळायच्या, आता चॅटजीपीटी लिहून देते. विषय इतका सर्वसाधारण असला की तो कोणत्याही गावातून लिहिता येतो आणि कुठूनही उचलता येतो. नकलेला आळा घालायचा तर सॉफ्टवेअरच्या आधी विषय बदलावा लागेल.

इतिहास : एदलाबादचे मुक्ताईनगर होताना काय झाले?

मुक्ताईनगरचे जुने नाव एदलाबाद. साठीच्या पुढचे लोक आजही सहज हेच नाव घेतात. एदलाबाद हे आदिलाबादचे बोलीतले रूप. मग हा ‘आदिल’ कोण? या एका प्रश्नामागे गेले की खानदेशावर सुमारे दोनशे वर्षे राज्य केलेले फारुकी घराणे, त्यांची राजधानी बऱ्हाणपूर आणि १६०१ मध्ये अकबराच्या हाती पडलेला असीरगड, असा सगळा पट उघडतो. पाठ्यपुस्तकात या राज्याला दोन-चार ओळीही क्वचितच मिळतात.

दुसरा प्रश्न अलीकडचा आहे. नाव बदलल्यावर दुकानांच्या पाट्या, शाळेचे दाखले, सातबारा, लग्नपत्रिका यांतून जुने नाव केव्हा आणि कसे मागे पडले? यासाठी पुराभिलेखागार गाठण्याची गरज नाही. घरातल्या पेटीतली कागदपत्रे, ग्रामपंचायतीचे दप्तर आणि १८८० चे खानदेश गॅझेटियर एवढे पुरेसे आहे. नामांतर योग्य की अयोग्य, हा या प्रकल्पाचा प्रश्न नव्हे. लोक नाव कसे स्वीकारतात, हे कागदावरून दाखवणे हा आहे.

शेजारच्या यावल तालुक्यातील फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. नंदलाल बोस यांनी त्याची सजावट केली होती. त्या वेळी कोणत्या गावाने बैलगाड्या दिल्या, कोणी धान्य दिले, ही माहिती त्या पिढीकडून आली असती. आता ती सांगणारे जवळपास कोणी उरलेले नाही.

समाजशास्त्र : वारी आणि धरण यांचा काय संबंध?

पंढरपूरच्या मानाच्या सात पालख्यांत संत मुक्ताबाईंची पालखी आहे. ती ज्येष्ठात निघते आणि बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे ओलांडत महिनाभराहून अधिक काळ चालते. विदर्भ आणि मराठवाड्यातून जाणाऱ्या या वाटेवर दिंडीचा स्वयंपाक कोण करते, मुक्कामाचे गाव कसे ठरते, महिनाभर शेत आणि घर कोणाच्या भरवशावर असते, तरुणांची संख्या वाढते की घटते, हे सगळे समाजशास्त्राचेच प्रश्न आहेत. कोथळी आणि मेहूण या दोन्ही गावांत मुक्ताबाईंची मंदिरे आहेत. एका संतकवयित्रीच्या स्मृतीभोवती दोन गावांची परंपरा कशी घडते, हे पाहायलाही दूर जावे लागत नाही.

दुसरा विषय पाण्याखाली आहे. तापीवरील हतनूर धरणाचे पाणी ऐंशीच्या दशकात या परिसरात पसरले. काठच्या गावांना जागा सोडावी लागली. जुन्या गावातली गल्लीची रचना नव्या गावठाणात टिकली का, कोणाला चांगला भूखंड मिळाला, कोणाची भावकी विखुरली, जुन्या देवळाचे आणि कबरस्तानाचे काय झाले, याची सरकारी फाइल फार तर एकरांत आणि रुपयांत बोलते. माणसांच्या शब्दांतली नोंद घ्यायची राहून गेली आहे.

त्या वेळी तिशीत असलेले शेतकरी आज सत्तरी ओलांडून गेले. पुढच्या दहा वर्षांत ही साक्ष संपेल. पन्नास विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातल्या दोन वृद्धांशी बोलून मजकूर लिहून ठेवला, तर शंभर मुलाखतींचा संग्रह उभा राहतो. कोणत्याही मोठ्या संस्थेला मुंबई-पुण्यातून येऊन हे करणे जड जाईल. विद्यार्थ्याला लेवा गणबोली किंवा तावडी समजते आणि घरात शिरताना त्याला ओळख द्यावी लागत नाही.

वाणिज्य : केळीचा भाव नेमका ठरतो कुठे?

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर, यावल, मुक्ताईनगर या पट्ट्यातील घरांचे वर्षाचे गणित या पिकावर चालते. तरीही व्यवसाय अभ्यासाचा प्रकल्प एखाद्या शीतपेय कंपनीच्या जाहिरातीवर होतो.

केळी फार दिवस थांबत नाही. घड तयार झाला की तो कापावाच लागतो आणि हे व्यापाऱ्याला माहीत असते. त्यामुळे जाहीर झालेला भाव आणि बांधावर प्रत्यक्ष मिळालेला भाव यांत फरक पडल्याची तक्रार शेतकरी वर्षानुवर्षे करत आले आहेत. सीमेपलीकडे बऱ्हाणपूरला केळीचा लिलाव होतो आणि त्या भावावर इकडच्या शेतकऱ्यांचे लक्ष असते. तक्रार खरी की भावनेच्या भरातली, हे तपासायला सोपा मार्ग आहे. तीन महिने रोजचा जाहीर भाव एका रकान्यात आणि वीस शेतकऱ्यांच्या पावत्यांवरचा भाव दुसऱ्या रकान्यात लिहायचा. एवढ्या तक्त्यातून मागणी-पुरवठा, नाशवंत मालाची बाजारपेठ आणि सौदाशक्ती हे तिन्ही धडे शिकता येतात.

पीक विम्याचेही तसेच आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात ठरावीक तापमान ठरावीक दिवस टिकले तरच भरपाई मिळते. हवामान केंद्र एका ठिकाणी आणि बाग दुसऱ्या ठिकाणी असेल तर काय होते, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या घरातच निघालेला असतो.

हाच धागा जगापर्यंत जातो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या निर्यात बाजारात ‘ग्रो मिशेल’ या वाणाचे राज्य होते. पनामा रोगाने ते संपवले आणि ‘कॅव्हेंडिश’ गटाने जागा घेतली. खानदेशात सर्वत्र दिसणारी ‘ग्रँड नैन’ ही त्याच गटातली. एकाच वाणावर विसंबण्याचा धोका शिकवायला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

तत्त्वज्ञान : कोऱ्या पत्राचा अर्थ काय?

तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव गाव आहे. तेथील मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. परंपरा सांगते की सिद्धी मिळवलेल्या, चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतले. पण मायना काय लिहावा, हेच ठरेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद द्यावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार करावा? पत्र कोरेच गेले. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी ६५ ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ लिहिली आणि पुढे मुक्ताबाई चांगदेवांच्या गुरू झाल्या.

कथा ऐतिहासिक आहे की नाही, हा वेगळा मुद्दा. ज्ञानाचा अधिकार वयाने येतो का, चमत्कार म्हणजे ज्ञान का, मुलीला गुरू मानणाऱ्या समाजाने पुढे मुलींना किती शिकवले, हे प्रश्न मात्र खरे आहेत. परंपरेतील सनावळीप्रमाणे समाधीसमयी मुक्ताबाईंचे वय १८ होते. पदवीच्या पहिल्या वर्षातल्या मुलीचे असते तेवढेच.

तत्त्वज्ञान हा खानदेशला परका विषय नाही. गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्वज्ञ काही काळ तिथे होते. साने गुरुजी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठीच अमळनेरला आले आणि मग तिथल्या शाळेत शिक्षक झाले. त्याच गावात १९४५ मध्ये वनस्पती तुपाच्या कारखान्यातून पुढे ‘विप्रो’ झालेल्या कंपनीची सुरुवात झाली. व्यापार आणि तत्त्वचिंतन एका गावात नांदू शकते, हे या जिल्ह्याने दाखवलेले आहे.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप : स्थानिक विषय म्हणजे गावाचे गुणगान. हा धोका खरा आहे. ‘आमच्या गावाचा वैभवशाली इतिहास’ हा प्रकल्प नव्हे, ती स्मरणिका. विषय प्रश्नाच्या रूपात मांडला आणि पुराव्याची अट घातली तर हा धोका बराच कमी होतो.

दुसरा आक्षेप : शिक्षकच अपुरे आहेत. ग्रामीण महाविद्यालयांत ऐच्छिक विषय विद्यार्थ्याच्या आवडीपेक्षा उपलब्ध शिक्षकावर ठरतात. एका प्राध्यापकाने शंभर प्रकल्प वाचायचे असतील, तर नक्कल पकडायला वेळ कुठून येणार? पदे भरण्याची जबाबदारी शासनाचीच आहे आणि तिला पर्याय नाही.

तिसरा आक्षेप नोकरीचा. केळीच्या भावाचा तक्ता केल्याने नोकरी मिळेल का? लगेच मिळणार नाही. पण माहिती गोळा करणे, ती पडताळणे आणि स्वतःच्या शब्दांत मांडणे हे ज्याला जमते, त्याला मुलाखतीत सांगण्यासारखे काही तरी असते. डाउनलोड केलेल्या पन्नास पानांवर दोन प्रश्न विचारले की बोलणे संपते.

काय करता येईल?

महाविद्यालयाने गाववार विषयांची नोंदवही ठेवावी, म्हणजे एकच विषय दरवर्षी नव्याने सुरू होण्याऐवजी पुढे जाईल. छापील प्रतीइतकेच गुण क्षेत्रवहीला आणि तोंडी परीक्षेला असावेत. मुलाखत देणाऱ्याची परवानगी घ्यावी आणि त्याचे बोलणे त्याच्याच बोलीत उतरवावे. एक प्रत गावच्या वाचनालयात जावी, म्हणजे चूक असेल तर गावच ती दाखवून देईल.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलाने त्यांच्या ओव्या टिपून ठेवल्या म्हणून १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने महाराष्ट्राला मिळाल्या. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकणाऱ्याकडून किमान एका माणसाचे बोलणे टिपून ठेवण्याची अपेक्षा जास्त नाही. सुरुवात हतनूरच्या काठच्या गावांपासून करावी, कारण तिथे वेळ सर्वांत कमी उरला आहे.