मार्चअखेर आणि आठवा महिना

गर्भारपण हा काही आजार नव्हे, तेव्हा नोकरदार स्त्रीने प्रसूतीच्या आदल्या दिवसापर्यंत कामावर जावे आणि आपली सारी रजा मूल झाल्यानंतरच्या दिवसांसाठी राखून ठेवावी, असा उपदेश अलीकडे एका सुविद्य लेखकाने केला आहे. आणि त्या उपदेशाला माना डोलावणाऱ्यांत ज्यांच्यावर गर्भारपणाचा प्रसंग कधी येणारच नाही अशांचाच भरणा अधिक आहे. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. आपल्या आज्या-पणज्या शेतात खुरपता खुरपता बाळंत झाल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागल्या. त्यांच्या नाती मात्र पंख्याखाली खुर्चीत बसतात आणि आठवा महिना लागताच रजेचा अर्ज पुढे करतात. घरी बसल्याने चिंता वाढते. प्रसूतीपूर्वी घेतलेली रजा फुकट जाते. आणि स्त्रिया अशा सवलती मागू लागल्या तर त्यांना नोकरीवर ठेवण्यास कोणी धजणार नाही.

घरी बसल्याने चिंता वाढते हे काही स्त्रियांच्या बाबतीत खरे आहे. त्यांनी खुशाल कामावर जावे, त्यांना कोणी अडवलेले नाही. गर्भारपण हा आजार नव्हे हेही खरे. पण जे आजार नव्हे त्याला विश्रांतीची गरज नाही, हा निष्कर्ष कोणत्या तर्कशास्त्रातून निघाला? या अवस्थेत शरीरातील रक्त सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, ते सारे रक्त फिरवण्याचे काम त्याच एका हृदयाला करावे लागते, आणि हा भार बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे ज्या आठव्या महिन्याच्या अर्जाची लेखकमहाशयांना इतकी चीड आहे त्याच महिन्यात, शिगेला पोहोचतो.

परंतु त्यांच्या प्रतिपादनाचा खरा आधार आहे ती आजी. ही आजी मी आयुष्यभर ऐकत आले. महसूल खात्याच्या कचेरीत, लग्नसमारंभात, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत, जेथे म्हणून एखाद्या थकलेल्या स्त्रीने खुर्ची मागितली तेथे कोणी ना कोणी या आजीला साक्षीला उभे केले. म्हणून तिची उलटतपासणी एकदा सविस्तर झाली पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, जी आजी शेतात बाळंत होऊन दुसऱ्या दिवशी कामाला लागली ती जगली, तिचे मूल जगले, म्हणूनच तिची कथा सांगायला नातू उरला; जी बांधावरच रक्तस्रावाने गेली तिची कथा सांगायला कोणी उरले नाही. १९४६ साली भोर समितीने सादर केलेल्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानात दर हजार जन्मांमागे सुमारे २० माता मृत्यू पावतात, म्हणजे दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया गर्भारपणात आणि बाळंतपणात जातात, असा अंदाज नमूद आहे. आणि १९३७ साली जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १६२ मुले वर्षाच्या आत दगावत, असेही त्यात लिहिले आहे. उलट २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर लाख जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू नोंदला गेला. हा फरक विश्रांतीने पडला असे मी म्हणत नाही. तो रुग्णालयांनी, रक्तपेढ्यांनी आणि प्रतिजैविकांनी पाडला. पण ज्या काळात लाखामागे दोन हजार माता मरत होत्या तो काळ गर्भवतीच्या दिनक्रमाचा आदर्श म्हणून कोणी पुढे मांडू लागला, तर त्याने आधी त्या दोन हजारांचा जबाब घ्यावा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आपल्या पूर्वजांना गर्भवतीची विश्रांती ठाऊक नव्हती हेच मुळात असत्य आहे. सातव्या महिन्यात ओटी भरावी, डोहाळजेवण करावे, आणि पहिलटकरणीची माहेरी पाठवणी करावी, ही चाल कशासाठी पडली होती? सासरच्या घरात सुनेला जात्यावरून, विहिरीवरून आणि चुलीपासून दूर करण्याचा धीर ज्या समाजाला प्रत्यक्ष होत नव्हता, त्याने धर्माचा आणि सणाचा आधार घेऊन तिला घरातूनच काही महिने बाहेर काढण्याची ही युक्ती योजली होती. माहेरी गेलेल्या मुलीला आई कामाला हात लावू देत नसे. बाळंतपणानंतर सव्वा महिना तिची खोली वेगळी, शेकशेगडी वेगळी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू वेगळे. या रूढीत सोवळ्याओवळ्याचा जाच होता, अज्ञान होते, हे मान्य करूनही तिच्या गाभ्याशी असलेली बुद्धी नाकारता येत नाही. मग शेतात बाळंत झाली ती कोण? जिला माहेर नव्हते, किंवा ज्या माहेरात एक तोंड वाढवण्याइतके धान्य नव्हते, ती. मजुरी बुडाली तर रात्रीची चूल पेटणार नाही, म्हणून ती शेतात गेली. तिची विपत्ती उचलून तिलाच स्त्रीचे शौर्य म्हणून गौरवणे, आणि त्या गौरवाच्या जोरावर तिच्या नातीची रजा नामंजूर करणे, याला मी निर्दयता म्हणते.

आणि या आजीला शोधण्यासाठी भूतकाळात जाण्याचे कारणही नाही. बीड जिल्ह्यातून दर हंगामात ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांबरोबर जावे. तेथे नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या अंगावर असते, आणि तिने एक दिवस काम चुकवले तरी खाड्याचे पैसे कापले जातात. म्हणून आठव्या-नवव्या महिन्यातही ती उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढवते. कायद्याची रजा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. शेवटच्या दिवसापर्यंत काम करण्याचे माहात्म्य लेखकमहाशयांनी फडात उभे राहून तिला सांगावे आणि तिचे उत्तर ऐकून यावे.

राहिला पंख्याखालच्या खुर्चीचा प्रश्न. शेतातील श्रम कठोर खरेच, पण कळ आली तर बांधावर टेकता तरी येत असे. कचेरीत मार्चअखेरीस ती मुभा नसते. माझी एक सहकारी अव्वल कारकून होती. तिला आठवा महिना लागला तो नेमका वसुलीच्या धामधुमीत. पाय सुजलेले, जमाबंदीची दफ्तरे समोर, वरिष्ठांचा दिवसभर तगादा, आणि रजेचा अर्ज घेऊन गेली तर साहेबांचे उत्तर असे : "ताई, मार्चअखेर तेवढी काढून जा." त्यांच्या स्वरात दुष्टपणा नव्हता, आर्जव होते, आणि म्हणूनच तिला नाही म्हणता आले नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात डोके असह्य दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली; रुग्णालयात नेले तेव्हा रक्तदाब धोक्याच्या पलीकडे होता. ती आणि तिची मुलगी दोघी वाचल्या. वसुलीचा तक्ता दुसऱ्या कारकुनाने दोन दिवसांत पुरा केला, आणि तो तसा पुरा होऊ शकतो हे कचेरीत सर्वांना आधीपासून ठाऊक होते.

येथे एक जुना वाद आठवतो. स्त्रियांनी नोकरी करावी की नाही यावर मराठी मासिकांत एके काळी पानेच्या पाने खर्ची पडली. त्या वादात विरोधकांचे मुख्य अस्त्र हे होते की स्त्रीचे शरीर नाजूक, कचेरीच्या ताणाने तिच्या मातृत्वाची हानी होईल, सबब तिने घरी राहावे. आज त्याच परंपरेचे वारसदार सांगतात की स्त्रीचे शरीर चिवट, ताणाने तिला काहीच होत नाही, सबब तिने रजा मागू नये. शरीराविषयीचे मत पूर्ण उलटले, पण निर्णय तिने करावयाचा नाही हे कलम मात्र दोन्ही मतपत्रांत जसेच्या तसे राहिले. त्या जुन्या वादात ज्यांनी स्त्रियांची बाजू घेतली होती त्यांच्यापैकी काही जण आज या नव्या उपदेशाला पुरोगामी समजून बसले आहेत, याचे मला अतिशय दुःख होते.

सवलती मागितल्या तर नोकरी मिळणार नाही, हा आक्षेपही नवा नाही. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला त्याच्या आधीपासून तो ऐकू येत होता. त्या विधेयकाला १९२८ साली विधिमंडळात पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे सांगितले, आणि म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा असे मत मांडले. ते आपण पुरते ऐकले नाही. कामगार विमा योजनेखाली न येणाऱ्या स्त्रियांचे रजेतील वेतन आजही एकट्या मालकाच्या माथी आहे, आणि तो त्यातून पळवाट शोधत असेल तर उपाय खर्च वाटून घेण्याचा आहे.

आता माझे म्हणणे. निरोगी स्त्रीला बैठ्या कामाने शेवटपर्यंत अपाय होतोच, असे वैद्यक म्हणत नाही. दीर्घकाळ उभे राहणे, रात्रपाळी आणि कामाचे अतिरेकी तास यांचा अकाली प्रसूतीशी काहीसा संबंध दिसतो, एवढेच ते सांगते. म्हणून प्रत्येकीने सातव्या महिन्यात घरी बसावे असा हुकूम मी काढत नाही. तिने आपल्या डॉक्टरांशी मसलत करून स्वतः ठरवावे, आणि ठरवल्यावर तिला कोणापुढे अजीजी करावी लागू नये. आपल्या कायद्याने १९६१ साली बारा आठवडे दिले, २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी ते सव्वीस केले आणि त्यांपैकी आठ आठवड्यांपर्यंत प्रसूतीपूर्वी घेण्याची मुभा ठेवली. परंतु आधी घेतलेला प्रत्येक आठवडा नंतरच्या मुदतीतून वजा होत असल्याने आई बाळाच्या वाट्यातूनच आपली विश्रांती चोरते आहे अशी तिची भावना होते. अपेक्षित तारखेपूर्वीच्या सहा आठवड्यांच्याही आधीचा एक महिना तिला कष्टाचे किंवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देऊ नये असेही कायदा म्हणतो, पण तिने तशी मागणी केली तर. आणि मार्चअखेरीस मागणी करणे किती अवघड असते ते वर सांगितलेच आहे. जर्मनीत प्रसूतीपूर्वीचे सहा आठवडे विश्रांतीचेच धरले जातात. तिला काम करावयाचे असेल तर तसे तिने स्पष्ट सांगावे लागते, आणि दिलेली संमती ती कोणत्याही दिवशी परत घेऊ शकते. आपल्याकडेही हे सहा आठवडे स्वतंत्र, भरपगारी आणि न मागता मिळालेले असावेत.

तो दिवस येईपर्यंत वाचकांना एवढीच विनंती आहे : आपल्या हाताखाली काम करणाऱ्या एखाद्या गर्भवतीचा अर्ज आपल्या मेजावर पडून असेल, तर मार्चअखेरीची वाट न पाहता त्यावर आज सही करा.