चकचकीत दस्ता, कोरा इतिहास

१/ जुन्या लष्करी रायफलीचा लाकडी दस्ता काचकागदाने घासायचा, वर व्हार्निशचा थर चढवायचा आणि तिला 'नवे रूप' द्यायचे, हा छंद ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत कित्येक दशके जोमात आहे. छंदिष्ट मंडळी त्याला 'जीर्णोद्धार' म्हणतात. वस्तुतः तो पुराव्याचा नाश आहे. आणि नष्ट होणाऱ्या पुराव्यात हिंदी शिपायाचाही वाटा आहे. (धागा)

२/ या बाजारातली एक रायफल मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीची आहे: ली-एनफिल्ड, म्हणजेच आपली 'थ्री नॉट थ्री'. तिचा 'मार्क ३' हा नमुना १९०७ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारला. इंग्लंडबरोबरच बंगालमधील इशापूर आणि ऑस्ट्रेलियातील लिथगो येथेही ती तयार झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हाती हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला.

३/ अशा रायफलीचे लोखंड ती कोठे जन्मली हे सांगते. लाकूड ती कोठे जगली हे सांगते. मार्क ३ च्या दस्त्याच्या उजव्या अंगाला पितळेची एक गोल चकती बसवीत आणि तीवर पलटणीचे नाव व रायफलीचा क्रमांक कोरीत. पहिल्या महायुद्धाच्या घाईत ही चकती वगळली गेली. तरीही कित्येक दस्त्यांत तिचा खळगा, किंवा तो बुजवणारा लाकडी गट्टू, आजही दिसतो. तो गट्टू म्हणजे युद्धकाळाची सही आहे.

४/ इशापूरचे कारागीर दुरुस्ती लपवीत नसत. नळीखालचे लाकूड ट्रिगरच्या जवळपास चिरते हे ओळखून त्यांनी तेथे एक आडवा स्क्रू बसवला. आजही त्या स्क्रूवरून जाणकार इशापूरचे काम ओळखतात. बंदुकीतून हातबॉम्ब फेकण्यासाठी राखलेल्या रायफलींचे पुढचे लाकूड धक्क्याने फुटू नये म्हणून तारेने घट्ट गुंडाळले जाई. छंदिष्टाच्या दृष्टीने स्क्रूचे डोके विद्रूप आणि तार म्हणजे भंगार. तार उलगडली, लाकूड घासले, की त्या रायफलीने काय काम केले हे सांगणारा सर्वांत बोलका साक्षीदार गेला.

५/ याहून बोलका पुरावा एका लाकडी ठोकळ्यात आहे. १८५७ नंतर हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची शस्त्रे देण्याचे धोरण सरकारने ठेवले होते. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायाच्या हाती स्नायडर होती. याच संशयाची सावली पुढे पोलिस आणि तुरुंगरक्षकांच्या बंदुकांवर पडली. इशापुरात ली-एनफिल्डची नळी आतून गुळगुळीत करून तिची .४१० मस्कट बनवली गेली. गोळ्यांच्या पेटीची जागा लाकडी ठोकळ्याने बंद केली, म्हणजे एका वेळी एकच बार.

६/ तो ठोकळा पाहायला सामान्य आहे. त्यावर ना कोरीव काम, ना झळाळी. परंतु परके सरकार आपल्याच शिपायावर किती विश्वास टाकत होते, याचे माप त्या ठोकळ्याइतके स्पष्ट क्वचितच कोठे मिळेल. पुढे अशा बंदुका मोडीत निघून परदेशी बाजारात गेल्या. तेथे एखादा हौशी मालक 'अडगळ' म्हणून तो ठोकळा फेकून देतो, तेव्हा तो लाकडाचा तुकडा फेकत नाही. एका राजवटीचा कबुलीजबाब फेकत असतो.

७/ ही गोष्ट केवळ हिंदुस्थानपुरती नाही. अमेरिकेच्या एम-१ गॅरंड रायफलीच्या अक्रोडी दस्त्यावर स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराचा तपासणी-शिक्का असे. त्यात शस्त्रागाराच्या प्रमुखाची आद्याक्षरे असत. गिल्बर्ट स्ट्युअर्ट यांची आद्याक्षरे असतील तर काळ १९४०-४२ चा. अर्ल मॅकफार्लंड यांची असतील तर १९४२-४३ चा. हे शिक्के लाकडात जेमतेम उमटलेले असतात. ते पुसायला काचकागदाचे थोडेच हात पुरतात. परत आणायला कोणतेही तंत्र पुरत नाही.

८/ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी जर्मन माउझर रायफली घरी नेल्या. कापडी पिशवीत मावाव्यात म्हणून अनेकांनी दस्ता नळीच्या कडीखाली करवतीने कापला. आजचा 'जीर्णोद्धारक' तो काप लांबीने भरून वर रंग देतो. मोसिन-नागान या रशियन रायफलीचेही तेच. युद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी त्या दुरुस्त करून लाखेच्या पॉलिशने चकाकवल्या आणि काहींवर तिरकी रेघ असलेल्या चौकोनाचा शिक्का मारला. आता ती लाख 'मूळची नाही' म्हणून खरवडली जाते. जणू इतिहास कारखान्याच्या दारातच संपतो आणि पुढची सगळी वर्षे म्हणजे नुसती धूळ!

९/ पुरावा बाजूला ठेवला तरी हा उद्योग कारागिरी म्हणूनही फसतो. दस्ता बनवताना लाकूड धातूच्या किंचित वर राखलेले असते. घासल्यावर ते खाली बसते आणि मागची पितळी वा लोखंडी पट्टी कडेने बाहेर डोकावू लागते. ली-एनफिल्डमध्ये बाराचा धक्का पुढच्या लाकडाच्या मागील खाचा झेलतात. तेथे लाकूड कमी झाले तर बसण बिघडते आणि नेमही. 'सुंदर' केलेली रायफल अनेकदा आधीपेक्षा वाईट रायफल असते.

१०/ आता आक्षेप पाहू. पहिला: 'सैनिकही दस्त्याला तेल लावीतच होते, शस्त्रागारेही लाकूड बदलीतच होती, मग आजच्या मालकानेच काय घोडे मारले?' फरक हेतूचा आणि खुणेचा आहे. सैनिक जवसाचे तेल चोळी ते लाकूड पाण्यापावसात टिकावे म्हणून. शस्त्रागारातला कारागीर ठिगळ लावी ते रायफल पुन्हा कामाला यावी म्हणून, आणि आपले काम तो उघड ठेवी. त्याने इतिहासात एक ओळ भरली. काचकागद अख्खे पान कोरे करतो.

११/ दुसरा आक्षेप: 'ज्याची वस्तू, त्याची मर्जी.' कायद्याने ते खरेच आहे. ताम्रपट वितळवून तांब्या घडवणाऱ्याचीही ती मर्जीच असते. प्रश्न अधिकाराचा नाही, शहाणपणाचा आहे. शिवराई चिंचेने घासून लखलखीत करणाऱ्याला नाणेसंग्राहक हसतात. वीरगळावर ऑइलपेंट फासणाऱ्यांवर इतिहासप्रेमी चिडतात. मग शंभर वर्षांच्या दस्त्यावर पॉलियुरेथेनचा थर चढवणाऱ्याला शाबासकी कशासाठी?

१२/ तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 'काळे, चिकट, ग्रीस मुरलेले लाकूड तसेच कुजू द्यायचे काय?' मुळीच नाही. मळ म्हणजे इतिहास नव्हे. पण मळ काढायला लाकूड काढावे लागत नाही. मऊ कापड आणि थोडे टर्पेंटाईन ग्रीस उतरवते. मात्र लाखेचा थर असेल तेथे स्पिरिट नको, कारण लाख त्यात विरघळते. कोरडे पडलेले तेलपॉलिशचे लाकूड जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात देऊन, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन, जिवंत करता येते.

१३/ त्या तेलाच्या चिंध्या मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि गोळा झालेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात. बाकी दस्त्यावरचे खाचखळगे, ओरखडे, शिक्के, ठिगळे जशी आहेत तशी ठेवावीत. एवढ्याने दस्ता स्वच्छही होतो आणि बोलकाही राहतो.

१४/ अपवाद आहेत. महायुद्धानंतर स्वस्तात विकल्या गेलेल्या असंख्य रायफलींचे दस्ते शिकारीसाठी आधीच तासून आखूड केले गेले. त्यांवर वाचण्याजोगे काही उरले नसेल तर खुशाल हात चालवावा. नव्याने घडवलेल्या सुट्या दस्त्यालाही हरकत नाही. अट एकच: काचकागद उचलण्याआधी तिरप्या उजेडात लाकूड नीट वाचावे. 'येथे काही नाही' हा निष्कर्ष वाचनानंतरचा असावा, आधीचा नव्हे.

१५/ याच छंदातली एक विसंगती पाहण्यासारखी आहे. पुण्याजवळच्या खडकी कारखान्यात तयार झालेल्या .३०३ काडतुसाच्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही अक्षरे असतात. ती अक्षरे नीट वाचता येतात म्हणून संग्राहक रिकामे पितळी कवचही जपून ठेवतो. जे एकदाच उडाले त्याची अक्षरे मोलाची. आणि जे चाळीस वर्षे खांद्यावर वागवले गेले त्या लाकडाची अक्षरे मात्र कचरा!

१६/ दस्त्याला लागलेला गाल, मुठीच्या घामाने काळवंडलेली जागा, कोणा अनाम शिपायाने चाकूने कोरलेली खूण यांची नोंद सरकारी दप्तरात कोठेही नसते. सेनापतींची चरित्रे छापली जातात; शिपायाचे चरित्र बहुधा लाकडावरच उरते. तेही घासून टाकले, तर रायफल चकाकेल, पण ती वागवणारा माणूस दुसऱ्यांदा नाहीसा होईल. (समाप्त)